शेतकरी जोखमीला भितो का? सोलापूर-अकोल्यातील एका नाणेफेकीचा इतिहास

पन्नास रुपये आत्ताच हातात घ्यावेत, की नाणे उडवून नशीब आजमावावे? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सहा गावांतील २४० कुटुंबांसमोर हा प्रश्न ठेवण्यात आला. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा आणि तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व डोकूर ही ती गावे. नाणे खरे होते आणि पैसेही खरे होते. सर्वांत मोठ्या रकमेच्या खऱ्या खेळात नाणे अनुकूल पडले तर मिळणारी रक्कम अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा अधिक होती. अर्थशास्त्रात प्रयोग करता येतो, ही कल्पनाच ज्या काळी बहुतेक विद्यापीठांत चेष्टेचा विषय होती, त्या काळी ज्वारी-कापसाच्या या गावांत झालेला हा प्रयोग आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आढळतो. महाराष्ट्रात मात्र त्याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही.

प्रयोग करणारे हान्स बिन्सवांगर हे मूळचे स्वित्झर्लंडचे कृषी-अर्थशास्त्रज्ञ. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत ते काम करीत होते. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही कोरडवाहू मुलखाची पिके या संस्थेच्या अभ्यासाचा विषय. सुधारित बियाणे तयार करणारे शास्त्रज्ञ तेथे होतेच. परंतु बियाणे तयार झाल्यावर शेतकरी ते पेरतो का, आणि पेरत नसेल तर का पेरत नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. म्हणून १९७५ च्या मे महिन्यात या सहा गावांत दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे निवडण्यात आली. त्यांपैकी तीस लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची आणि दहा भूमिहीन मजुरांची. पाहणी करणारे तरुण पदवीधर गावातच राहत, गावाची भाषा बोलत आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन मजुरी, पेरणी, कर्ज, खरेदी-विक्री यांची नोंद घेत. नरपतसिंह जोधा यांच्यासारखा ग्रामीण जीवनाचा बारकाईने वेध घेणारा अर्थशास्त्रज्ञ या उपक्रमाच्या उभारणीत होता.

गावांची निवडही विचारपूर्वक झाली होती. अकोल्याच्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, खरिपाची ज्वारी. पाऊस तुलनेने भरवशाचा. सोलापूरकडे जमीन खोल काळी, पण पाऊस लहरी. खरिपात रान बरेचसे मोकळे ठेवायचे आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी घ्यायची, अशी तेथील रीत. महबूबनगरची लाल, हलकी जमीन ओल धरून ठेवत नाही. निसर्गाशी करावा लागणारा व्यवहार तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या अटींवर होता. त्यात महाराष्ट्रातील गावांनी १९७२ चा दुष्काळ नुकताच पाहिलेला. खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या माणसाला जोखीम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते.

या प्रयोगामागे एक जुना वाद होता. खेड्यातील शेतकरी नवे काही स्वीकारत नाही, कारण तो मुळातच भित्रा, दैववादी आणि परंपरेला चिकटून राहणारा आहे, असे प्रशासक व तज्ज्ञ दीर्घकाळ सांगत आले होते. १९६४ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी या समजुतीवर प्रहार केला. पारंपरिक शेतकरी गरीब असला, तरी हाती असलेल्या साधनांचा तो कार्यक्षम वापर करतो, अशी त्यांची मांडणी होती. तिला त्यांनी दिलेल्या दोन प्रमुख आधारांपैकी एक भारतातला होता: उत्तर प्रदेशातील सेनापूर या गावी डेव्हिड हॉपर यांनी गोळा केलेली माहिती. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९६६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या मांडणीची कठोर चिकित्सा केली. वाद पुढे बराच रंगला. पण दोन्ही बाजूंच्या हाती होते ते आकडे शेतीच्या उत्पादनाचे. शेतकऱ्याच्या मनात जोखमीविषयी नेमके काय आहे, हे कोणीच थेट मोजलेले नव्हते.

मोजायचे कसे? सर्वांत सोपा मार्ग विचारण्याचा. बिन्सवांगर यांनी आधी तोच अवलंबिला. काल्पनिक पर्याय सांगून, ‘इतके निश्चित उत्पन्न असेल तर तुम्ही हा धोका पत्कराल का?’ अशा धर्तीच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांतून आलेल्या उत्तरांवर प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीची छाप पडते, असे दिसून आले. आणि पुढे खऱ्या पैशांच्या खेळातून जे निष्कर्ष निघाले त्यांच्याशी मुलाखतींचा काहीच मेळ बसेना. समाजशास्त्रातील प्रश्नावलींवर विसंबून राहणाऱ्यांनी हा तपशील अजूनही पुरेशा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. पाहुण्याला काय ऐकायला आवडेल हे ओळखून बोलणे ही गावाकडची सभ्यता आहे. संशोधकाने तिला माहिती समजणे ही त्याची चूक.

मग खेळ आला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. पन्नास रुपयांच्या खेळात आठ पर्याय होते. पहिल्यात छापा पडो वा काटा, पन्नास रुपये नक्की. दुसऱ्यात एका बाजूला ४५ तर दुसऱ्या बाजूला ९५. त्यापुढे ४० आणि १२०, मग ३० आणि १५०, मग १० आणि १९०. शेवटच्या पर्यायात एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला थेट २००. सरासरी काढली तर पहिल्या पर्यायाची ५०, पुढे ७०, ८०, ९० आणि १०० अशी ती चढत जाते. म्हणजे धोका वाढतो तसा सरासरी लाभही वाढतो. अपवाद अखेरच्या दोहोंचा. १० आणि १९० यांची सरासरी १००, शून्य आणि २०० यांचीही १००. तेव्हा शेवटचा पर्याय निवडणारा माणूस जास्त लाभाच्या आशेने नव्हे, तर खेळाच्या थरारासाठी तो निवडतो किंवा त्याला धोक्याची पर्वाच नसते. यांखेरीज दोन पर्याय मुद्दाम सदोष ठेवले होते: ३५ आणि १२५, तसेच २० आणि १६०. यांची सरासरी शेजारच्या पर्यायाइतकीच, पण चढउतार अधिक. खेळणाऱ्याला हिशेब कितपत कळला आहे याची ती एक आडून केलेली परीक्षाच.

बिन्सवांगर थेट पन्नास रुपयांवर गेले नाहीत. आरंभ पन्नास पैशांच्या खेळाने झाला, मग पाच रुपये, मग पन्नास. हे सारे काही आठवड्यांत पसरलेले होते आणि मधल्या काळात लोकांना विचार करायला, घरात-पारावर चर्चा करायला सवड होती. पाचशे रुपयांचा खेळ तेवढा काल्पनिक ठेवण्यात आला. पण तोवर लोकांना खेळाची रीत आणि निवडीचे परिणाम अनुभवाने कळलेले होते. कोणत्याही पर्यायात खिशातले पैसे जाण्याची वेळ येत नव्हती. वाईटात वाईट म्हणजे हात रिकामा राहणार. गरिबाला स्वतःचे पैसे हरायला लावणे कोणत्याही संशोधनाच्या नावाखाली समर्थनीय ठरले नसते.

पन्नास पैशांवर लोक बरेच धाडसी वागले. चार आण्यांची गोष्ट, पाहू काय होते ते. रक्कम वाढत गेली तशी निवड मधल्या पर्यायांकडे सरकली. पन्नास रुपयांच्या पातळीवर जवळजवळ सर्वांचा कल एकच दिसला: मध्यम स्वरूपाची सावधगिरी. अगदी सुरक्षित पर्यायाला चिकटून राहणारे थोडे आणि सर्वस्व नाण्यावर लावणारेही थोडे. खरा धक्का पुढचा होता. मोठा बागायतदार आणि भूमिहीन मजूर यांच्या निवडीत लक्षणीय फरक आढळला नाही. संपत्तीमुळे सावधगिरी किंचित कमी होते असे आकडे सुचवीत होते, परंतु तो परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. व्यक्तीच्या इतर गुणधर्मांनीही फारसा फरक पडला नाही. उलट, आधीच्या फेऱ्यांत ज्याचे नाणे अनुकूल पडले होते तो पुढे थोडे अधिक धाडस करी, ही गोष्ट स्पष्ट दिसली. वास्तविक आधीच्या नाण्याचा पुढच्या नाण्याशी संबंध नसतो. पण माणसाच्या अपेक्षेचा असतो.

हे निष्कर्ष १९८० मध्ये अमेरिकेतील कृषी-अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आणि १९८१ मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या लेखात आणखी एक गोष्ट पुढे आली. रूढ सिद्धांत असे मानतो की, माणूस निवड करताना आपल्या एकूण संपत्तीचा हिशेब मनात धरतो. शिरापूर-कंझऱ्याचे लोक तसे करीत नव्हते. ते समोरच्या लाभाकडे आणि हातून निसटणाऱ्या रकमेकडे पाहत होते. याच सुमारास, १९७९ मध्ये, डॅनियल काहनेमन व एमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच म्हटले होते. त्यांचा आधार मुख्यतः काल्पनिक प्रश्नांना मिळालेली उत्तरे हा होता. इकडे खरे रुपये मोजून दिले जात होते.

त्या वेळी जगात प्रायोगिक अर्थशास्त्र कोठे होते? १९४८ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गात विद्यार्थ्यांना विक्रेते व ग्राहक बनवून लुटुपुटीचा बाजार भरवला. त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ती रीत काटेकोर केली आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. घासाघीस मोजणारा प्रसिद्ध ‘अल्टिमेटम’ खेळ १९८२ मध्ये जर्मनीतील वेर्नर ग्यूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला: एकाने रक्कम वाटून द्यायची, दुसऱ्याने ती वाटणी मान्य करायची किंवा धुडकवायची, धुडकावली तर दोघांनाही काही नाही. विश्वास मोजणारा खेळ आला तो १९९५ मध्ये. हे सारे प्रयोग बहुधा विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर, चहापाण्याच्या रकमेवर झाले. चार पैशांसाठी विद्यार्थी जसे वागतात तसा संसारी माणूस वागेल कशावरून, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. त्याला मिळालेल्या पहिल्या ठोस उत्तरांपैकी एक सोलापूर-अकोल्यातून आले होते. गरीब देशात तेवढ्याच संशोधन-निधीतून खेळाची रक्कम खेळणाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी मोठी करता येते, हे बिन्सवांगर यांनी दाखवून दिले. पुढे अनेकांनी ती वाट धरली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईशान्य भारतातील खेड्यांत अल्टिमेटमचा खेळ वीस रुपयांपासून वीस हजार रुपयांपर्यंत नेण्यात आला. अन्यायकारक वाटणी लहान रकमेवर लोक बाणेदारपणे धुडकावीत. रक्कम वाढली तसा नकार जवळपास नाहीसा झाला. त्यावरून त्यांना स्वाभिमान नव्हता असे म्हणणे उथळपणाचे होईल. वीस हजारांची अगदी लहान वाटणीही त्यांच्यासाठी कित्येक दिवसांची मजुरी होती.

सोलापूर-अकोल्याकडे परत येऊ. श्रीमंत आणि गरीब यांची मनोवृत्ती सारखीच असेल, तर शेतात त्यांचे वागणे वेगळे का दिसते? मोठा शेतकरी खत घालतो, नवे बियाणे घेतो, विहीर खोदतो. लहान शेतकरी हात आखडता घेतो. हा फरक स्वभावातून येत नाही, हे खेळाने दाखवले होते. बिन्सवांगर यांनी बोट ठेवले ते पतपुरवठा, बाजारपेठ आणि निविष्ठा यांच्या असमान उपलब्धतेवर. पुढे १९९३ मध्ये मार्क रोझेनझ्वाइग यांच्यासह त्यांनी याच गावांच्या दीर्घ नोंदी वापरून हा धागा अधिक पक्का केला. पाऊस जितका बेभरवशाचा, तितका गरीब शेतकरी कमी नफ्याची पण सुरक्षित अशी मांडणी पसंत करतो, आणि त्याची किंमत मोजतो. पावसाची अनिश्चितता एका ठरावीक मापाने वाढली, तर सर्वांत गरीब चौथ्या हिश्श्यातील शेतकऱ्यांचा नफा सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो, आणि सर्वांत श्रीमंतांवर तिचा परिणाम नगण्य असतो. खेळात दोघांपुढे एकच नाणे होते. शेतात दोघांपुढे पाऊसही एकच असतो. पण तो पडला नाही तर एकाकडे कणगी, दागिने आणि बँकेत पत असते, दुसऱ्याकडे सावकाराचा उंबरा.

ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, तो नात्यांवर विमा उतरवतो. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये याच नोंदींतून दाखवले की, मुली दूरच्या गावी देण्याच्या प्रथेचा उत्पन्नातील चढउतार सोसण्याशी संबंध आहे. एकाच वर्षी दोन्ही गावांचा पाऊस चुकण्याची शक्यता कमी, तेव्हा अडीअडचणीला व्याही धावून येतो. सोयरीक जमवताना पर्जन्यमानाचा विचार होतो असे कोणी बोलून दाखवीत नाही, पण हिशेब असतोच.

बिन्सवांगर यांच्या प्रयोगात एक गोष्ट इतकी सहज घडून गेली होती की तिच्याकडे लक्ष जात नाही. नाणे प्रामाणिकपणे उडवले जाईल आणि जिंकलेले पैसे खरोखर हातात पडतील, यावर लोकांनी विश्वास ठेवला. पाहणी करणारी माणसे गावात वर्षानुवर्षे राहत असल्याने आणि सुरुवातीच्या लहान खेळांत रोख पैसे मिळाल्याने तो विश्वास निर्माण झाला असावा. परंतु खेळणाऱ्याला असे वाटत असेल की, आपण कितीही चांगले खेळलो तरी आपल्याला न्याय मिळणार नाही, तर? हा प्रश्न पुढे उत्तर प्रदेशात विचारला गेला.

गाझियाबाद-नोएडासारखी राजधानीला चिकटलेली शहरे आणि शुल्ट्झ यांचे सेनापूर ज्या राज्यात आहेत, त्याच राज्याच्या ग्रामीण भागात जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. सहावी-सातवीच्या वयोगटातील ६४२ मुलगे त्यात होते. निम्मे उच्च मानल्या गेलेल्या जातींतील, निम्मे दलित. काम सोपे: कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायची. प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक रुपया. ज्या गटांत जातीचा उल्लेख झाला नाही, तेथे दोन्हींकडची मुले सारखीच हुशार ठरली. इतर गटांत खेळ सुरू होण्यापूर्वी प्रयोगकर्त्याने प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. बरोबर असेल तर मुलाने मान डोलवायची. बस्स, एवढेच. त्यानंतर दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीयरीत्या घसरली.

येथेच थांबले असते तर आत्मविश्वास खचला एवढाच निष्कर्ष निघाला असता, आणि ‘मुळातच कमकुवत मन’ या जुन्या समजुतीला वेगळ्या शब्दांत पुन्हा जागा मिळाली असती. संशोधकांनी पुढची पायरी गाठली. गटातील एका मुलाची चिठ्ठी काढायची आणि केवळ त्यालाच त्याने सोडवलेल्या कोड्यांप्रमाणे, पण सहापट दराने पैसे द्यायचे, असा नियम केल्यावर जात जाहीर होऊनही अंतर नाहीसे झाले. चिठ्ठीला जात कळत नाही. दुसऱ्या एका प्रयोगात मोबदला देताना परीक्षकाच्या मर्जीला वाव ठेवायचा की नाही, हे बदलून पाहिले. कामगिरी आणि मोबदला यांचा संबंध यंत्रवत ठरलेला असेल, तर जातीच्या उल्लेखाने काही बिघडत नव्हते. मर्जीला वाव मिळताच बिघडत होते. त्या मुलांचे डोके ठिकाणावर होते. माणूस परीक्षक असेल तर आपल्या कष्टाला पुरते माप मिळणार नाही, असा त्यांचा अंदाज होता, आणि अकरा-बारा वर्षांच्या आयुष्यात तो त्यांनी कोठून बांधला असेल हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

हॉफ यांनी पुढे मयूरेश क्षेत्रमाडे आणि झुरिचचे अर्न्स्ट फेर यांच्यासह याच राज्यात विश्वासाचा खेळ लावला. दोघांना प्रत्येकी पन्नास रुपये. पहिल्याने आपले पन्नास दुसऱ्याकडे पाठवले तर ते तिप्पट होतात आणि दुसऱ्याजवळ दोनशे जमतात. मग त्याने त्यांतले शंभर परत करायचे किंवा सगळे गिळंकृत करायचे. तिसरा माणूस हे पाहतो आणि पदरचे पैसे खर्च करून लबाडी करणाऱ्याला दंड करू शकतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, आपल्याच जातीच्या माणसाची फसवणूक झाली असतानाही उतरंडीच्या तळाशी असलेले लोक दंड करण्यास फार कमी तयार होत. संपत्ती, शिक्षण, राजकीय अनुभव यांचा हिशेब बाजूला काढला तरी फरक उरतो. ज्याने फसवणाऱ्याला जाब विचारण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसली, तो खेळातही जपून वागतो. मात्र ही उतरंड वरच्यांनाही मोकळे सोडत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, परस्पर सहकार्य शिकण्याविषयीच्या एका प्रयोगात उच्च जातींतील पुरुषांच्या जोड्या दलित पुरुषांच्या जोड्यांपेक्षा मागे पडल्या. समोरच्याच्या एका चुकीने झालेले नुकसान त्यांना अपमानासारखे लागे आणि ते सहकार्याचा हात मागे घेत.

आता शेवटचा धागा. तो पुन्हा महबूबनगरकडे नेतो. २००३ मध्ये त्या जिल्ह्यात ‘बेसिक्स’ ही सूक्ष्म वित्तसंस्था आणि ‘आयसीआयसीआय लोम्बार्ड’ ही विमा कंपनी यांनी पर्जन्य-विमा आणला. पीक पाहणी नाही, पंचनामा नाही. हवामान केंद्रावर नोंदलेला पाऊस ठरलेल्या पातळीखाली गेला की भरपाई. सिद्धांताप्रमाणे जो जितका जोखमीला घाबरतो तितका त्याने हा विमा उत्साहाने घ्यायला हवा. झेवियर जिने, रॉबर्ट टाउनसेंड आणि जेम्स विकरी यांनी खरेदी करणाऱ्या व न करणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा जोखीम-वृत्ती मोजायला त्यांनी बिन्सवांगर यांच्याच धर्तीचा खेळ वापरला. निष्कर्ष उफराटा निघाला. सावध माणसेच विमा कमी घेत होती.

त्याचा उलगडा असा की, विमा ही शेतकऱ्याच्या दृष्टीने स्वतःच एक जोखीम होती. हप्ता आज द्यायचा. भरपाई पुढे कधीतरी, दूरच्या केंद्रावरच्या पर्जन्यमापकाने आणि त्याहून दूरच्या कंपनीने ठरवायची. पुढे झालेल्या प्रयोगांत विम्याची किंमत, माहिती देण्याची रीत आणि माहिती देणारी व्यक्ती हे घटक आलटूनपालटून पाहिले गेले. किंमत कमी केली की मागणी वाढे. पण विक्रेत्याची शिफारस शेतकऱ्याच्या परिचयाच्या संस्थेच्या प्रतिनिधीने केली, तेव्हाही ती वाढे. हातात रोख रक्कम नसणे हे आणखी एक कारण निघाले. पीकविम्याच्या भरपाईसाठी तालुक्याच्या ठिकाणी खेटे घातलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. अर्थशास्त्राला ते आकड्यांत मांडायला वेळ लागला एवढेच.

अलीकडे तेलंगणातील अडीचशे गावांत झालेल्या प्रयोगात शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचा अंदाज पेरणीच्या बराच आधी देण्यात आला. त्याआधी पाऊस कधी येईल असे त्यांना स्वतःला वाटते, हेही विचारून नोंदवले होते. मृग कोरडा जाईल की आर्द्रा साधेल याविषयी प्रत्येकाचा स्वतःचा आडाखा असतोच, आणि प्रत्येकाचा वेगळा असतो. सरकारी पत्रकांना या आडाख्यांची दखल घेण्याची सवय नाही. या अभ्यासाने मात्र तेथूनच सुरुवात केली. ज्यांना अंदाज आपल्या अपेक्षेहून वाईट वाटला त्यांनी लागवडीखालील क्षेत्र आणि काही निविष्ठांवरचा खर्च कमी केला. ज्यांना तो अपेक्षेहून चांगला वाटला त्यांनी खर्च वाढवला. बातमी एकच असली तरी आधी मनात काय होते त्यानुसार शेजारच्या दोन रानांत तिचे परिणाम उलट दिशांनी दिसू शकत होते.

इक्रिसॅटची सहा गावांतील पाहणी १९८० च्या दशकाच्या मध्यावर खंडित झाली आणि २००१ पासून पुन्हा सुरू झाली. बिन्सवांगर पुढे जागतिक बँकेत गेले, आफ्रिकेतील शेती व ग्रामविकासावर त्यांनी काम केले आणि २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांचे निधन झाले. आठ पर्यायांचा त्यांचा तक्ता, रकमा बदलून, आजही अनेक देशांतल्या गावांत वापरला जातो.